राजवाड्याच्या अंगणात तीन संध्याकाळी

रत्नागिरी शहराच्या दक्षिण अंगाला, भाट्ये खाडीकडे उतरत जाणाऱ्या उंचवट्यावर, तांबूस रंगाची एक तीन मजली वास्तू समुद्राकडे पाहत उभी आहे. उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या आणि भोवती प्रशस्त मोकळी जागा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याच्यासाठी इंग्रज सरकारने ही वास्तू बांधविली. परवानगीवाचून रत्नागिरीबाहेर पाऊल टाकण्याची मुभा ज्याला नव्हती, त्याच्यासाठी उभारलेल्या या वाड्याच्या अंगणात आता जानेवारीच्या थंडीत तीन संध्याकाळी शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. रत्नागिरीतील ‘आर्ट सर्कल’ ही संस्था तो भरविते. श्रोते गावोगावहून येतात, सतरंजीवर किंवा खुर्चीवर बसून मनसोक्त ऐकतात आणि आपापल्या वाटेने परत जातात. एकेकाळी ज्या जागेतून कोणाला जाता येत नव्हते, त्या जागेचे हे रूपांतर डोळ्यांनी पाहावे आणि कानांनी ऐकावे असे आहे.

फिरत्या घरातून घाट उतरताना

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या बाजूच्या व्यापारी कुटुंबांना रत्नागिरी अपरिचित नाही. आंबा, काजू, कोकम यांच्या निमित्ताने पेढ्यांचे संबंध जुने आहेत. तरीही घरातील सर्वांनी मिळून, विशेषतः वृद्धांना बरोबर घेऊन, परगावच्या संगीत महोत्सवास जावे असा बेत क्वचितच होतो. कारण साधे असते. मैफल सुरू होण्याची वेळ आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची वेळ एकमेकींवर येतात. परगावच्या उपाहारगृहात कांदा-लसणाविना, कंदमुळांविना जेवण मिळेल याची खात्री नसते. पाणी गाळून उकळलेले असेल की नाही, हा प्रश्न असतोच. गुडघे दुखणाऱ्या आजीला वाटेतल्या स्वच्छतागृहाची चिंता असते, ती ती बोलून दाखवीत नाही इतकेच. मग “तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी” असे ती म्हणते, आणि तिचे गाणे रेडिओपुरते उरते.

या अडचणीवर अलीकडे एक उपाय हाताशी आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानंतर निजण्याची जागा, लहानसा ओटा, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह असलेली वाहने भाड्याने घेण्याची सोय लोकांच्या परिचयाची होऊ लागली. मोटारगाडीपेक्षा हे वाहन उंच आणि जड असते, हे मात्र निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. ते सावकाश चालते. ज्याला पोहोचण्याची घाई आहे, त्याने या भानगडीत पडू नये.

कोल्हापूरहून रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर आहे. रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्गाने मलकापूर ओलांडले की उसाची शेते मागे पडतात आणि सह्याद्रीची चाहूल लागते. आंबा गाव म्हणजे घाटमाथा. जानेवारीत सकाळी येथे धुके दाटलेले असते. ते विरल्यावर निघणेच शहाणपणाचे. घाट उतरताना चालकाने खालचा गिअर धरून ठेवावा लागतो. केवळ ब्रेकवर भिस्त ठेवली तर ते तापतात. ओट्यावरील भांडी, डबे, पाण्याची बाटली, सर्व काही आधीच बंद कपाटात गेलेले बरे, कारण पहिल्याच वळणावर फिरते घर आपले खरे स्वरूप दाखविते. घाट संपतो तेथे साखरपा. पुढे पाली आणि हातखंबा ही गावे मागे टाकून रस्ता रत्नागिरीत शिरतो. माती काळ्याची तांबडी होते, घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या दिसू लागतात, आणि खिडकी उघडी असेल तर आंब्याच्या मोहोराचा वास आत येतो.

ज्या सुरांसाठी हा प्रवास करावयाचा, त्यांचे नातेही याच घाटमाथ्याशी आहे. रंगमंचावर मागे बसून जो तंबोरा छेडला जातो, तो बहुधा मिरजेत घडलेला असतो. मिरजेतील कारागिरांची घराणी पिढ्यान् पिढ्या तंबोरे आणि सतारी घडवीत आली आहेत. २०२४ मध्ये तेथील सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादियाँ खाँ राहिले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली. मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य होते. भोपळा, लाकूड आणि तार यांतून निघणारा तो षड्ज घाट उतरून समुद्राकाठी येतो, तेव्हा त्याच्यामागे या साऱ्यांची पुण्याई असते.

ओंडक्यांच्या हिशेबावरून गेलेले राज्य

महोत्सव संध्याकाळी असतो, त्यामुळे दिवस मोकळा मिळतो. त्यातील पहिला प्रहर वाड्यासाठी राखून ठेवावा. वाड्यात शासनाचे संग्रहालय आहे. दालनांतून फिरताना या वास्तूची कथा ठाऊक असली, तर भिंती वेगळ्या दिसतात.

थिबा हा कोनबाँग घराण्याचा राजा. राजपुत्र असताना त्याचे शिक्षण बौद्ध विहारात झाले होते. १८७८ मध्ये तो मंडालेच्या गादीवर बसला. त्याच्या राज्यातील सागवानाची जंगले फार मोलाची होती, आणि तेथे लाकूडतोडीचा मक्ता ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या कंपनीकडे होता. कंपनीने जितके ओंडके नेले तितक्यांचे पैसे भरले नाहीत, असा ठपका ठेवून दरबाराने तिच्यावर मोठा दंड बसविला. वाद हिशेबाचा होता, पण त्याचा निवाडा हिशेबाने झाला नाही. ब्रह्मदेशात फ्रेंचांचे वजन वाढत असल्याची धास्ती इंग्रजांना होतीच. या वादाने त्यांना निमित्त मिळाले. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी चढाई केली आणि अवघ्या काही दिवसांत मंडाले पडले. राजा, राणी सुपायालत आणि त्यांचा परिवार इरावती नदीतून आगबोटीने नेण्यात आला. काही महिने मद्रासेत ठेवून एप्रिल १८८६ मध्ये त्यांना रत्नागिरीस आणले गेले. तेव्हा थिबाचे वय सत्तावीस वर्षांचे होते.

रत्नागिरी निवडण्यामागे इंग्रजांचा हेतू उघड होता. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्री. त्या काळी तेथे रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बोटीही बंद पडत. कैदी सांभाळण्यास याहून सोयीची जागा कोणती? ज्या घाटातून आज फिरते घर हौसेने उतरते, तोच घाट त्या राजाच्या तुरुंगाची एक भिंत होता.

प्रारंभीची चोवीस वर्षे हे कुटुंब भाड्याच्या बंगल्यांत राहिले. वाड्याचे काम १९०६ मध्ये सुरू झाले आणि १९१० मध्ये राजा तेथे राहावयास गेला. सरकारी भत्ता पुरत नसे. मंडालेहून आणलेली रत्ने एकेक करून विकण्याची पाळी त्याच्यावर आली. जडजवाहिराचा व्यवहार जाणणाऱ्या कोणासही त्या विक्रीतील वेदना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. विकणाऱ्याला गरज आहे हे एकदा घेणाऱ्याला कळले की रत्नाचे पाणी तेच राहते, किंमत मात्र उतरते. ‘ङा माउक’ या नावाने प्रसिद्ध असलेले एक अद्वितीय माणिक तर मंडाले सोडतानाच हातचे गेले. ते एका इंग्रज अधिकाऱ्याने नेले, अशी तक्रार राजाने पुढे अनेकदा केली. ते माणिक पुन्हा कोणास दिसले नाही. रत्नांचा गिरी असे ज्या गावाचे नाव, त्या गावात एका राजाची रत्ने संपून गेली.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबाचे निधन झाले. नव्या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षे मिळाली. राणी सुपायालत हिला १९१९ मध्ये मायदेशी परतता आले. राजाचे अवशेष मात्र रत्नागिरीतच राहिले. शहराच्या शिवाजीनगर भागात त्याची आणि धाकट्या राणीची समाधी आहे. थोरली राजकन्याही पुढे रत्नागिरीस परत आली. तिची मुलगी टूटू येथेच वाढली, मराठी बोलली, तिने येथेच संसार केला आणि अखेरचा श्वासही येथेच घेतला. २०१२ च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीस येऊन या समाधीचे दर्शन घेतले.

दोन गावे, दोन बंदिवान

वाड्यापासून टिळक आळी फार दूर नाही. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी तेथे झाला, आणि ते घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. दुपारी तेथे जाऊन यावे. कारण थिबाच्या कथेचा दुसरा अर्धा भाग त्या कौलारू घराशी जोडलेला आहे.

१९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात धाडण्यात आले. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत, अशी ती अदलाबदल होती. १९१० चा हिवाळा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी थिबा या वाड्यात राहावयास आला, आणि त्याच हिवाळ्यात, मंडालेतील आपल्या कोठडीत, टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहून पूर्ण केले. एकाला मोठा वाडा मिळाला, दुसऱ्याला लहान खोली. दोघेही आपल्या गावापासून समुद्रापार. त्याच्याही अर्धशतक आधी, १८५८ मध्ये, दिल्लीचा बादशाह बहादूरशाह जफर याला इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवले होते आणि तेथेच १८६२ मध्ये त्याचा अंत झाला. राजे आणि लोकनायक यांना त्यांच्या मातीपासून तोडून परक्या मातीत ठेवावयाचे, म्हणजे त्यांच्यामागे माणसे गोळा होत नाहीत, हा साम्राज्याचा आडाखा होता. रत्नागिरीने असा आणखी एक बंदिवास पाहिला. १९२४ ते १९३७ या काळात विनायक दामोदर सावरकर या जिल्ह्यात स्थानबद्ध होते, आणि याच काळात त्यांनी संगीत नाटके लिहिली.

संगीताचा विचार केला तर हे येणे-जाणे फार जुने आहे. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यावर सम्राट मांडीवर धनुष्याकृती वीणा घेऊन बसलेला दिसतो. ती वीणा भारतात पुढे लुप्त झाली. ब्रह्मदेशात मात्र तशाच धाटणीचे वाद्य ‘सौंग’ या नावाने आजही वाजते, आणि मंडालेच्या दरबारात त्याला मानाचे स्थान होते. आपल्याकडे हरवलेला एक आकार त्या देशाने जपून ठेवला. वाड्याच्या ज्या अंगणात आज तंबोरा लागतो, तेथे हे आठवावे. राजे बोटीत घालून नेता येतात, माणके खिशात घालून नेता येतात. वाद्ये आणि सूर मात्र कोणी न नेताही एका देशातून दुसऱ्या देशात जातात आणि तेथे घर करतात.

दिवेलागणीनंतर

रत्नागिरीत जानेवारीत सूर्य साधारणपणे सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. फिरत्या घराची खरी सोय या वेळी कळते. पाच वाजता ओट्यावर मुगाची खिचडी चढते, घरून आणलेले खाखरे आणि दशम्या निघतात, सकाळी उकळून ठेवलेले पाणी भांड्यात तयार असते. आजी-आजोबा, मुले, सर्वांचे जेवण उजेडी आटोपते, आणि नंतर पोटाची काळजी न करता मैफलीस जाता येते. थिबा पॉइंटवरून भाट्ये खाडी, काजळी नदीचे मुख आणि त्यापलीकडचा समुद्र एका दृष्टिक्षेपात येतो. जेवण आटोपून सूर्यास्त पाहण्यास येथे यावे. थिबा राजाही वाड्यातून हा समुद्र पाहत असे, असे गाव सांगते. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या २००० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीने त्याचे ते पाहणे जगभर पोहोचविले. समुद्र तोच आहे. ठरलेल्या वेळी स्वतःच्या इच्छेने हात आवरणारे कुटुंब तो पाहते तेव्हा तो वेगळा दिसतो, आणि दुसऱ्याने आखलेल्या रेषेत तीस वर्षे काढलेल्या राजाला तो वेगळा दिसला असेल.

अंधार पडू लागतो तशी वाड्याची दर्शनी बाजू दिव्यांनी उजळते. तिच्यासमोर उघड्यावर रंगमंच असतो. येथील हवा दमट, समुद्रावरून येणारी. या हवेत तबल्याचे चामडे सैल पडते आणि त्याचा स्वर उतरतो. म्हणून तबलजी हातोडीने गजरा ठोकत पुन्हा पुन्हा तबला चढवितात. तंबोऱ्याच्या ताराही बंद सभागृहात जशा स्थिर राहतात, तशा येथे राहत नाहीत. नवख्या श्रोत्याला ही जुळवाजुळव लांबल्यासारखी वाटते. परंतु ज्याने गल्ला उघडण्यापूर्वी काटा शून्यावर आणलेला पाहिला आहे, त्याला तिचे महत्त्व उमगेल. मापच खरे नसेल तर पुढचा सारा व्यवहार खोटा ठरतो.

उघड्यावरील मैफलीस वेळेचे बंधन असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासमारंभाच्या मोजक्या दिवसांना शासन सवलत देते, एरवी नाही. याचा परिणाम थेट रागांवर होतो. आपल्या संगीतात रागांना प्रहर नेमून दिलेले आहेत. दिवेलागणीच्या वेळी मारवा किंवा पूरिया धनाश्री, मग यमन, त्यापुढे बिहाग आणि बागेश्री, इथवर घड्याळ साथ देते. मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे राग मात्र अशा संध्याकाळच्या महोत्सवात ऐकावयास मिळणे कठीण. जुन्या पिढीने रात्रभर जागून पहाटे ललत किंवा भैरव ऐकला, ते सुख आता दुर्मिळ झाले. तरीही या बंधनाने एक गोष्ट साधली. घरातील लहान मुले आणि सकाळी दुकान उघडणारी माणसे शेवटपर्यंत बसू शकतात.

रत्नागिरीचा श्रोता चोखंदळ आहे. पु. ल. देशपांडे यांच्या अंतू बर्व्यामुळे येथील तिरकस जिभेची ख्याती महाराष्ट्रभर झाली, परंतु मैफलीत ही जीभ गप्प असते. नाट्यसंगीताचे संस्कार या गावावर खोल आहेत. ‘खल्वायन’सारखी संस्था संगीत नाटके आणि मैफली यांची परंपरा निष्ठेने चालवीत आली आहे. विलंबित ख्याल चालू असताना कोणी मधूनच उठत नाही. समेवर मान हलते, क्वचित एखादी दाद उमटते. बरोबर मुले असतील तर त्यांना आधीच सांगावे की उठावयाचे झाल्यास एक राग संपून दुसरा सुरू होण्यापूर्वी उठावे. पहिल्या दिवशी मुले कंटाळतील, दुसऱ्या दिवशी टाळी मोजू लागतील, आणि तिसऱ्या दिवशी कदाचित आजोबांच्या आधी सम ओळखतील.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

महोत्सवाच्या तारखा आणि प्रवेशिका यांची चौकशी डिसेंबरमध्येच करावी. या दिवसांत शहरातील निवासाच्या जागा लवकर भरतात. फिरते घर बरोबर असले तरी ते कोठे उभे करावयाचे, हे आधी ठरविलेले असावे. वाड्याकडे जाणारे रस्ते अरुंद आहेत. म्हणून वाहन बाहेर मोकळ्या, परवानगी असलेल्या जागी ठेवून रिक्षाने जाणे उत्तम. रामआळीतील बाजारात तर ते नेण्याचा विचारही करू नये. पाण्याची टाकी कोठे भरून मिळेल आणि सांडपाणी कोठे रिकामे करता येईल, याची खात्री वाहनमालकाकडून करून घ्यावी. सांडपाणी समुद्रकिनारी किंवा रस्त्याकडेला सोडणे हा अपराध आहे, आणि त्या पाण्यात जगणाऱ्या असंख्य जीवांवर अन्यायही. गणपतीपुळ्याकडे आरे-वारे मार्गे जाण्याचा मोह होतो. समुद्राचे दृश्य रमणीय आहे, पण चढ-उतार तीव्र आणि वळणे आखूड असल्याने जड वाहनाने तो मार्ग जपूनच घ्यावा. रात्री अंगणात गारवा असतो, वृद्धांसाठी शाल आणि पाठीला उशी असू द्यावी.

परतीच्या सकाळी अर्धा तास काढून शिवाजीनगरच्या समाधीस्थळी जावे. तेथे पाहण्यासारखे थोडेच आहे. चिरेबंदी समाधी, नाव, आणि ज्या देशाचा तो राजा होता त्या देशापासूनचे अंतर. मुले हमखास विचारतात की राजाला घरी का जाऊ दिले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर ओंडक्यांच्या हिशेबापासून सुरू करून सांगता येते, आणि आंबा घाट चढून जाईपर्यंत ते पुरते.